दोन बोटं उंच

बुधवार, संध्याकाळ. दवाखान्याच्या अंगणात.

नाल्यातले गोटे खालून लागतात म्हणून काल मीच फोर-बाय-फोर जीपच्या समोरच्या स्प्रिंग-दांड्यांचे बोल्ट कसले. गाडी दोन बोटं उंच झाली. डांबरी रस्त्यावर मस्त चालली. खूश होतो.

आज कळा सुरू झालेल्या बाईले घेऊन जंगलातून निघालो. समोरून गाडी दबेचना. प्रत्येक खड्ड्याले दणका, की बाई किंचाळे. शेवटी तिची सासू म्हणाली, "भाऊ, थांबव. आमी पायी येतो."

दोघी चालून राह्यल्या, मी मागून रिकामी गाडी घेऊन. दोन बोटांसाठी काऊन हे केलं मी?

दवाखान्यात पोचलो तसं तिले आत नेलं. अजून कोणी बाहेर आलं नाई.

पाना सीटखालीच होता. जंगलातच थांबून बोल्ट ढिले करता आले असते.