तीन नंबरच्या फ्रीझरची जमीन

बारा दिवस, नॉर्ब! बारा दिवस ती सरकारी नोटीस हजेरीच्या घड्याळाशेजारच्या फळ्यावर होती आणि आम्हा एकशे चाळीस माणसांपैकी एकाच्याही नजरेला पडली नाही. चि. नॉर्बर्टास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझी कंबर बरी असेल, मेव्हिसचा खोकला गेला असेल, तुझ्या लेकीला, कोलेटला, लग्नाचा झगा बसत असेल, असं सगळं मीच धरून चालते, कारण तू फोन उचलत नाहीस. गेल्या आठवड्यात सहा वेळा केला. सहाव्यांदा तुझ्या बायकोने, मेव्हिसने, उचलला आणि म्हणाली, तो बाहेर गेलाय. मागे तुझी शिंक ऐकू आली. तेव्हा म्हटलं कागदच बरा, कागद मध्येच ठेवून देता येत नाही. (येतो, पण मग मेव्हिस वाचेल.) घाबरू नकोस, मी काही मागायला लिहीत नाहीये. नुसतं पोटातलं बाहेर काढतेय.

तर नोटीस. मला नववीतून काढून चेरी तोडायला लावलं हे तुला माहीत आहे, त्यामुळे ती मी तीनदा वाचली आणि मग वाचनालयातल्या बाईंकडून चौथ्यांदा वाचून घेतली. सार एवढंच, की आमचे मालक क्लेटस बोडार्ट यांना त्यांची फ्रीझरची इमारत ते स्वतःच सांभाळत असलेल्या आमच्या पेन्शनच्या फंडाला विकायची आहे. मग फंड मालक आणि फॅक्टरी भाडेकरू. कायद्याने असा व्यवहार बंद आहे. फंड सांभाळणारा जो, त्यानेच फंडाला आपला माल विकायचा नाही, म्हणजे कुंपणाने शेत खायचं नाही. पण वॉशिंग्टनला अर्ज करून सूट मागता येते. आणि सूट देण्याआधी वॉशिंग्टन आम्हाला विचारतं. तुमचं काय म्हणणं आहे, तुमचं यात काय बिघडेल, लिहून कळवा, सुनावणी हवी तर तीही मागा. नॉर्ब, छप्पन वर्षांत मला असं कोणी विचारलेलं नाही. आमच्या चर्चमध्ये पडद्यांचा रंगसुद्धा विचारत नाहीत.

मी तशीच मॅनेजर डेलच्या खोलीत गेले. सगळी पाळी बाहेर उभी होती. म्हटलं, "लपवलीत ना नोटीस? चर्चच्या सहलीचं पोस्टर मुद्दाम वर डकवलंत ना?" डेल उठला. फळ्यापाशी आला, पोस्टर काढलं, पालथं केलं आणि मला दाखवलं. मागे माझ्याच अक्षरात सामानाची यादी होती, कोंबड्या चाळीस, कांदे दोन पोती. सहलीला कढईभर बुया, आपला कोंबडीचा रस्सा, करायचा म्हणून पोस्टर मीच लावलं होतं, माझ्याच चार टाचण्यांनी, नेमकं सरकारवर. डेल म्हणाला, "व्हर्ना, लपवणाऱ्याचं नाव मिळालं." सगळे हसले. माझ्या पाळीतली अर्लीन सगळ्यात जास्त हसली.

मग मी लिहायला बसले. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, मोजकं लिहा, मुद्द्याचं लिहा. पण सरकार पहिल्यांदा विचारतंय म्हटल्यावर माणूस मोजकं कसं लिहील? सहा पानं झाली. तीन नंबरच्या फ्रीझरची जमीन फुगलीय, हे लिहिलं. खालची माती वर्षानुवर्षं गोठत जाते, ओव्हनमधल्या पावासारखी वर येते आणि काँक्रीट उचलते, दार लागत नाही, माझी फोर्कलिफ्ट तिथून जाते तेव्हा दात वाजतात, हेही लिहिलं. पण ते चौथ्या पानावर. त्याआधी नाताळातली टर्की बंद करून कुपन देतात ते, डेलचा रेडिओ, आणि अर्लीन माझे हातमोजे घालते ते. (घालतेच. अंगठ्याला माझी शिवण आहे.)

मला काय ठाऊक, की अशी पत्रं जशीच्या तशी इंटरनेटवर चढवतात? नोटिशीत लिहिलं होतं म्हणे, खाली, बारीक अक्षरात. आणि पुढे ऐक. अर्जदाराला प्रत्येक मुद्द्याचं लेखी उत्तर द्यावं लागतं. मिलवॉकीच्या वकिलाने दिलंही, आकडे घालून. टिप्पणीकर्तीने टर्कीचा उल्लेख केला आहे. अर्जदाराच्या मते टर्कीचा प्रस्तुत व्यवहाराशी संबंध नाही. टिप्पणीकर्तीने हातमोज्यांबाबत सहकर्मचाऱ्यावर आरोप केला आहे. अर्जदाराला त्याविषयी माहिती नाही. शुक्रवारी मासे खायला सगळे जमले होते तिथे कोणीतरी हे मोठ्याने वाचलं. अर्लीन ताट घेऊन उठून गेली. परवा माझ्या कपाटात हातमोजे सापडले, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत काय होतं ते मी लिहिणार नाही, हे पत्रही कुठे चढवतील सांगता येत नाही.

पण आठवा मुद्दा मी घरी येऊन पुन्हा वाचला. जमीन फुगल्याच्या दाव्याला कोणताही पुरावा जोडलेला नाही. मूल्यमापकाने एप्रिलमध्ये तीन नंबरची पाहणी केली, दोष आढळला नाही. इमारत चांगली आहे असं धरून किंमत लावली आहे आणि ती योग्य आहे. संपलं. त्या किमतीत आमच्या फंडाचा निम्मा जीव जाणार, नॉर्ब. माझी सव्वीस वर्षं त्यात आहेत. अर्लीनची एकतीस.

तोच वकील बुधवारी फॅक्टरीत आला, आम्हाला समजावून सांगायला. मी त्याला आणि डेलला कोट चढवून तीन नंबरमध्ये नेलं. फोनने फोटो काढणार होते, पण उणे वीसमध्ये फोन दोन मिनिटांत मेला. म्हणून चेरीचा मोठा डबा वाटेत आडवा ठेवला. ढकलला नाही, देवाशप्पथ. डबा क्षणभर विचार केल्यासारखा थांबला, मग आपणहून निघाला, वेग धरला आणि डेलच्या घोट्यावर जाऊन आदळला. "बघा," मी म्हटलं, "जमीन सपाट असती तर गेला असता का?" वकील नाक पुसत म्हणाला, "बाई, डबा गोल आहे." डेल एका पायावर उभा होता, तोही म्हणाला, "गोल आहे, व्हर्ना." मला वाटलं, डबा उचलून दुसऱ्या पायावर घालावा.

आता तुला वाटेल, मूल्यमापक आला तेव्हा त्याला एवढा मोठा उंचवटा दिसला कसा नाही. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आदल्या दिवशी क्लेटस स्वतः माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "व्हर्ना, साठ पॅलेट तीन नंबरच्या मधोमध लाव. तुझ्याइतकं सरळ कोणी रचत नाही." मी अशी फुगले, की त्या जमिनीला लाज वाटावी. कशाला लावायचे ते विचारलंसुद्धा नाही. चेरीच्या डब्यांनी लादलेले साठच्या साठ पॅलेट मीच रचले, ओळंब्यात, बरोबर उंचवट्यावर. बिचाऱ्या माणसाने बाजूने फेरी मारली, टोपी कानावर ओढली आणि गरम कॉफी प्यायला गेला. म्हणजे नोटीस मीच झाकली आणि जमीनही मीच. माझ्यासारखी नोकर असल्यावर क्लेटसला वकील कशाला हवा?

असो. कंबरेला शेक घेत जा. मेव्हिसला आठवण सांग. मला तुझ्याकडून काही नको.

तुझी बहीण,
व्हर्ना

ता. क. तुझ्याकडून एक कागद हवा. त्या उंचवट्याचं डोकं कापून वर नवं काँक्रीट कोणी ओतलं ते मला माहीत आहे. तूच, तीन वेळा, कारण जमीन पुन्हा फुगायची, तीन रविवारी, सगळी फॅक्टरी चर्चमध्ये असताना. तू तापाने पडलायस असं आईला मीच सांगितलं होतं, आणि तिने तुझ्यासाठी सूप पाठवलं होतं. ते मी प्यायले. प्रत्येक वेळी तू फूटपट्टी लावून फोटो काढलास, तुझी सवयच आहे. ते फोटो तुझ्या गॅरेजात कॉफीच्या डब्यात आहेत. मी बघितलेत. फूटपट्टी गोल नाही.

आणखी एक. कोलेटचं लग्न क्लेटसच्या बागेत आहे आणि बाग तो फुकट देतोय, हे मी विसरलेले नाही. तू फोन का उचलत नाहीस हे समजायला मला शाळेची गरज नाही. बाग गेली तर चर्चचं तळघर आहे. बुया मी करीन. खुर्च्या अर्लीन लावेल, तिला मी विचारलंय. ती एवढंच म्हणाली, "फंडासाठी. तुझ्यासाठी नाही."

शेवटचं. माझं दुसरं पत्र लिहून तयार आहे. या वेळी एकच पान. पहिली ओळ आहे, पॅलेट मी रचले. त्यामुळे माझी नोकरी गेली तर जाईल, तू उगाच हळहळू नकोस. दुसऱ्या ओळीत तुझं नाव आहे, पत्त्यासकट. पाकिटाला तिकीट लावलंय, पाकिटाचं तोंड मात्र चिकटवलं नाही. चोवीस तारखेच्या आत ते वॉशिंग्टनला पोचायला हवं. टपालवाली शुक्रवारी चार वाजता येते. त्याआधी तू फोटो घेऊन माझ्या दारात आलास आणि तुझं तू लिहिलंस, तर माझ्या पत्रातली दुसरी ओळ मी तुझ्यासमोर खोडीन. भाऊ आपणहून बोलला असं होईल, बहिणीने नाव घेतलं असं नाही. आला नाहीस तर तसंच जाईल. येतोस की नाही ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळव. आणि फोन तू कर, मी आता सातव्यांदा करणार नाही.