उन्हाकडची बाजू

बा, तुला लिहायचं लय दिवस मनात होतं. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे अक्षर वाकडं येतं. पण तुला तर वाचताच येत नव्हतं, मग लाज कसली. मी सध्या पार कच्छात आहे, बांधकामावर. इथं जमीन सपाट, नजर अडायला काही नाही. म्हणून की काय, घरामागचा आपला उतार सारखा आठवतो.

त्र्यंबकच्या डोंगराला टेकलेलं घर, मागं नुसता खडक. पावसात वरची माती वाहत चुलीपर्यंत यायची. तू पहारीनं दगड सुटे केलेस, नुसते एकावर एक रचून पौळी उभ्या केल्यास, त्यांच्यामागं ओढ्याची माती भरलीस, आणि आयनं तिथं वाल आणि झेंडू लावला. चुना नाही, सिमेंट नाही. एकदा मी सपाट बाजू बाहेर करून दगड बसवला, तर तू तो काढायला लावलास. रानात पडून असताना जी बाजू उन्हात होती तीच बाहेर ठेवायची, काळी पडलेली. "ती आत गाडली का दगड कूस बदलतो," म्हणालास. "त्याला परत ऊन बघायचं असतं." मी हसलो. तू नाही हसलास.

तू तापानं गेलास तेव्हा चुलीमागची पौळ राहिली होती. ती इतक्या वर्षांनी, मी यंदाच्या शिमग्याला घरी गेलो तेव्हा केली. माझ्या पायाला भिंगरी, परतायची घाई; सपाट बाजू बाहेर केल्या की काम भराभर होतं आणि शहरातल्या कंपाउंडसारखं दिसतंही. आय बघून म्हणाली, "दिसतं बरं. पन समदे दगड आपल्याकडं पाठ करून बसल्यागत वाटत्यात."

आषाढात खालच्या घरच्या फोनवरून तिनं कळवलं की पौळीला पोट आलंय, मधले दगड बाहेर फुगलेत. तिची वाकळ तिथंच, भिंतीच्या अलीकडं. मी म्हणालो, खालच्या घरी निजायला जा. तर म्हणे, माझं घर सोडून मी कुठं जाऊ. मुकादम सुट्टी देईना. काय करायचं ते मला ठाऊक होतं: सगळी पौळ उतरवून एकेक दगड फिरवायचा. ते ठाऊक असणारे दोघंच, एक मी आणि एक तू. इथं आभाळ कोरडं, पण तिकडं ढग किती असतील याचाच विचार करत मी विटा लावत होतो.

मग तिचा फोन आला. आवाज हलका होता.

"पोट बसलं रं. समद्या काळ्या बाजू भायेर केल्यास, तुझ्या बा-वानीच."

कुणी केलं, मी विचारलं.

"कुणी म्हंजे? तूच की. दुपारचं धुकं उतरलं व्हतं, मी नागली निवडत व्हते. मागं पहार वाजली. बघते तर तू वाकून दगड लावतोयस. हाक मारली, मान हलवलीस, पन वर नाय बघितलंस. भाकर टाकली तवर गेलास बी."

मागून खालच्या घरच्या काकानं फोन घेतला. म्हणाला, काम झकास झालंय गड्या, पण तू कुठल्या गाडीनं आलास, फाट्यावर उतरताना दिसला नाहीस. बा, पाठमोरा मी हुबेहूब तुझ्यासारखा दिसतो असं सगळे म्हणतात. तू गेलास त्या वयाला मी आता आलोय.

फोन परत आयकडे गेला. बाहेर रखरखीत ऊन होतं आणि माझ्या अंगावर काटा उभा होता. मी म्हणालो, "घाई होती आय, गाडी चुकली असती."

त्यानंतर ती निवांत झोपते. वरच्या अंगालाही एक नवी पौळ लागलीय म्हणे, थोडी थोडी वाढतेय, आणि तिला वाटतं मी येऊन जातो. मी तसंच वाटू देतो. हा कागद कुठं टाकायचा ते कळत नाही, म्हणून उशाखालीच ठेवतोय. आणि खरं सांगू, गेल्या महिन्यात मुकादम स्वतःहून सुट्टी देत होता, ती मी घेतली नाही. मी घरी गेलो आणि तू यायचा थांबलास तर?