चार बटणं

प्रिय खारूताई,

पत्र लिहायची मला सवय नाही. पण फोनवर तू "हो बाबा", "बरं बाबा" एवढंच म्हणतेस आणि मलाही पुढे काही सुचत नाही. म्हणून कागद घेतला.

रविवारी मामा आला होता. घरात बसवेना, तेव्हा त्यानं आईचा शिवणाचा डबा काढला, बटणं वाटली आणि पोकर खेळू म्हणाला. तुला आठवतं ना, आईची पानं वाटायची पाळी आली की तिच्या डावीकडे मी आणि तू? पानं बघण्याआधीच ब्लाइंड म्हणून मी एक बटण टाकायचो, तू दोन. त्या दोन बटणांवर तुझा केवढा जीव! मामा पानं टाकून डाव सोडायचा, मग आई हळूच चार बटणं पुढे सरकवायची. चारच. मामासारखी मूठभर टाकली असती तर आपल्याला शंका आली असती. चार बघून वाटायचं, हिच्याकडे नक्की काहीतरी आहे. आपण मुकाट्यानं पानं टाकायचो आणि ती आपल्या दोघांची तीन बटणं ओढून घ्यायची. मामा चिडायचा, "ताई, दाखव तरी!" ती पानं गड्डीत सरकवत म्हणायची, "बघायची होती तर बटणं टाकायचीस."

एकदा तिच्या चष्म्याच्या काचेत मला तिची पानं दिसली. सत्ती आणि दुर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची. पोकरमध्ये याहून वाईट दोन पानं नसतात. मी बघितलं हे तिला कळलं. तिनं नुसत्या भुवया उंचावल्या. मी पानं टाकली.

तुझा फोन आला त्या दुपारी मी हॉस्पिटलात तिच्या खाटेशी होतो. तिनं नाकावरची नळी काढायला लावली, घोटभर पाणी प्यायली, घसा साफ केला. ठणठणीत आहे म्हणाली असती तर तू पहिल्या गाडीनं निघाली असतीस. ती म्हणाली, "जरा थकवा आहे गं. परीक्षा उरकून ये, मग आठवडाभर राहा." फोन ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या.

ती गेल्यावर तू मामाला म्हणालीस, "मला समजायला हवं होतं." तेव्हापासून तू घरी यायचं नाव काढत नाहीस. त्यासाठीच हे पत्र. बाळा, मला तरी कुठे समजलं होतं? काचेत दिसलं म्हणून कळलं. तू पानं टाकावीस म्हणूनच ती तसं खेळली. रविवारी मी वाटताना सवयीनं तिच्या जागीही दोन पानं पडली. मामानं हात पुढे केला, मी बघू दिली नाहीत. अजून टेबलावर तशीच उपडी आहेत. तू ये. आपण दोघं मिळून ती गड्डीत सरकवू, न बघता.

तुझाच,
बाबा