एकटीपुरता तंबू

२ ऑगस्ट
पोचले एकदाची! घाटाखालचं हे शेवटचं गाव. इथून वर खिंडीपर्यंत मी आणि माझी सायकल. दादा फोनवर म्हणाला, एकटीने जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. म्हटलं, वेडी तर वेडी.

दुपार सामान भाड्याने देणाऱ्या दुकानात गेली. स्लीपिंग बॅग पिसांची घेतली. थंडीच्या बाबतीत चिक्कूपणा नको. स्टोव्ह रॉकेलचा, कारण उंचावरच्या गारठ्यात गॅस मान टाकतो. तंबू मात्र हलका, एकटीपुरता, खुंट्या न ठोकता उभा राहणारा. वर सगळा खडकच.

दुकानवाल्या मावशींना तंबू पटला नाही. दोघांचा ने म्हणाल्या. वर एकट्या माणसाशेजारी काहीतरी येऊन निजतं. जागा असली तर गप पडून राहतं, नसली तर करून घेतं. मला हसू आवरेना. मावशी हसल्या नाहीत.

५ ऑगस्ट
पाय भरून आलेत, पण चढ झकास. काल झऱ्याकाठी मुक्काम केला, गरम सूप, गाढ झोप. सकाळी पाहते तर तंबूची एक बाजू आत आलेली. कुणी बाहेरून पाठ टेकून बसावं तशी. वारा म्हणावा तर पानही हलत नव्हतं. कोपराने ढोसलं. कापड कोमट लागलं. बाहेर कुणी नाही.
परत फिरायचं? छट्.

६ ऑगस्ट
अरुंद वाटेवर एक मेंढपाळ भेटला. मला वाट द्यायला कडेला सरकला, आणि मी पुढे गेले तरी तिथेच उभा. का, विचारलं. म्हणाला, "तुमच्या सोबतचे जाऊ देत की आधी."
मागे वळून पाहिलं नाही. भीतीने नाही. मागे जे काही असेल त्याला तेवढा मान कशाला द्यायचा?

७ ऑगस्ट
भरदुपारी धुकं. रस्ता दिसेना, तंबू लावावाच लागला. आता दोन्हीकडून कापड आत येतंय — गुडघे पोटाशी घेतलेत. ओरडले, सरक! माझा तंबू आहे हा!
सरकलं नाही.
खिंड एवढी जवळ — आता नाही उतरायची मी —

दुपारीच, जरा वेळाने
चेंगरून मरायला आलेली नाही मी. तंबूची चेन मीच उघडते. बघू दे तोंड —
उघडली. बाहेर कुणी नाही. नुसतं धुकं. कापडही सैल पडलं. पळालं! पळवलं मी त्याला —
मग आत, माझ्या पाठीला टेकून हे