शेकडा पाच

२ मे १९५१
आजपासून अभ्यास. नवा कायदा म्हणतो, परीक्षा पास नसेल त्या कंपाउंडरने औषधाला हात लावायचा नाही. मला सांगतात! कलकत्त्यात गार्डन रीचच्या या दवाखान्यात एकोणीस वर्षं मिक्श्चरं करतोय. दोन डॉक्टर आले नि गेले, मी आहे. परीक्षा जूनमध्ये. नापास झालात तर काउंटरवर नंबराची तिकिटं वाटायला बसवीन, असं नवे डॉक्टर सान्याल तोंडावर म्हणाले. बघू कोण कोणाला बसवतं.
रोज पहाटे पाचला उठणार.

३ मे, सकाळी ८.१०
पाचला उठलो होतो. पुन्हा झोपलो. डोकं ताजं हवं.

५ मे
पुस्तक उघडलं. पर्सेंटेज. एवढंच? पर्सेंट म्हणजे शेकडा, आणि शेकडा मला शिकवणार? आमच्या रत्नागिरीकडच्या घरी आंब्यांचा शेकडा आला की वर पाच यायचेच. शेकडा पाच म्हणजे शंभरावर पाच. धडा खलास.
हेमाने पुस्तकात डोकावून आईला सांगितलं, बाबा चुकली. अकरा वर्षांची झाली, पण बंगाली शाळेत पोरीचं मराठी पार बिघडलंय. लगेच दुरुस्त केलं: चुकली नाही, चुकले.

९ मे
सियालदहच्या बाजारातून शंभर आंबे आणले. फळवाल्याने मोजून शंभरच दिले. वरचे पाच मागितले तर म्हणे, शंभर म्हणजे शंभर. अर्धा तास भांडलो. तत्त्वाचा प्रश्न होता. शेवटी फाउ म्हणून एक दिला, इकडे वरच्याला फाउ म्हणतात. तोही नासका निघाला.
अभ्यासाच्या दिवसांत शंभर आंबे कशाला, असं हेमाच्या आईचं, कालिंदीचं म्हणणं. हिला प्रॅक्टिकल म्हणजे काय ते कळत नाही.

१६ मे
फरशी पुसायला शेकडा पाचचं कार्बोलिक लोशन करा, अशी सान्यालांची ऑर्डर. बरणी शंभर औंसांची. काठोकाठ शंभर औंस पाणी भरलं, वर पाच औंस कार्बोलिक ओतायला गेलो. सांडलं. टेबलाचं पॉलिश गेलं, डॉक्टरांच्या डाव्या बुटाचंही. पाच कार्बोलिक नि पंचाण्णव पाणी, मिळून शंभर करायचे, पाच शंभराच्या आत असतात, वर नव्हे, असं ते बराच वेळ सांगत होते. मी शांतपणे म्हटलं, बरणी लहान आहे.
ते बूट धुवायला निघून गेले. जिंकलो!

२८ मे
हेमाने पाटीवर हिशेब मांडला. शंभरावर पाच घातले तर सगळे एकशे पाच होतात, मग पाचाला एकशे पाचांनी भागायचं, पाच टक्के भरतच नाहीत, म्हणे. विचारलं, तुझ्या मास्तरांनी जन्मात कधी बाटली हलवलीय का? पाटी उचलून आत गेली.
पहाटेचा अभ्यास सोमवारपासून नक्की.

११ जून
परीक्षा झाली. तिसराच प्रश्न शेकडा पाचच्या लोशनचा. हसू आलं. शंभर पाणी, पाच औषध, दिलं ठोकून. तोंडी परीक्षेत साहेबांनी तेच पुन्हा विचारलं, अगदी दोनदा. मी तसूभर हललो नाही. माणसाला कणा पाहिजे.
येताना संदेशाची मिठाई आणली, पाव शेर.

१० जुलै, दुपारी
रिझल्ट! पास व्हायला चाळीस टक्के लागतात. मला बरोब्बर चाळीस. कालिंदीला म्हटलं, काहीतरी गोड कर. आता सान्यालांचं तोंड बघायचंय.

१० जुलै, संध्याकाळी
बघितलं. कागद वाचून म्हणाले, मार्क एकशे पाचांपैकी आहेत, लेखी शंभर आणि तोंडीचे पाच. मी म्हटलं, तेच तर म्हणतोय, वरचे पाच धरायचे नसतात! शंभरात चाळीस, पास. त्यांनी चष्मा पुसला आणि उद्यापासून काउंटरवर बसा म्हणाले.
हा धडधडीत अन्याय आहे. वरपर्यंत लिहिणार. त्याआधी पुरावा म्हणून गणित करून ठेवावं.

११ जुलै
दिवसभर तिकिटं वाटली. माझा मेझर ग्लास आत कुणीतरी दुसराच विसळत होता, आवाज येत होता. फार वाईट वाटलं.
घरी येऊन हेमाची पाटी घेतली. चाळीस भागिले एकशे पाच. तीनदा केलं. तिन्ही वेळा अडतीस टक्के. आयुष्यात पहिल्यांदा गणित बरोबर आलं.
हेमाने मागून पाटी वाचली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं, बाबा नापास झाली.
मी बसल्या जागेवरून ओरडलो, झाली नाही, झाले.