टाच राहिलेला मोजा

मंगळ., २ डिसें.
ताई गेल्यावर तिच्या खोलीत आज पहिल्यांदा बसले. तिच्या विणकामाच्या पिशवीत एक पुरा मोजा, दुसरा घोट्यापर्यंत आलेला, अजून सुयांवर. राखाडी लोकर. दोन्ही माझ्यासाठी. जुलैत माझ्या पायाला तिचा पाय लागला तर ओरडली होती, "पाय काय गो तुझे, मढ्यासारखे गार! मुलुंडात राहतेस की बर्फात?"
तिला नेताना मी तिच्या पायांना हात लावला तेव्हा
राहू दे.

गुरु., ४ डिसें.
सुलभाताईंकडे गेले. ताईचं विणणाऱ्या बायकांचं मंडळ दर गुरुवारी त्यांच्याकडे जमतं. ताई होती तेव्हा मी कधी वर गेले नाही. न्यायला जायचे, खाली रिक्षात बसून राहायचे.
त्यांच्यात रीत आहे. कोणी गेली की तिचं अर्धं राहिलेलं सगळ्यांनी थोडं थोडं विणून पुरं करायचं. घाटकोपरच्या भावनाबेननी हात पुढे केला. "दे ना इकडे. दोन गुरुवारात उडवून टाकू."
मी पिशवी सोडली नाही. म्हणाले, मी विणेन.
"तुला येतं?"
"शाळेत मफलर केला होता."
"मफलरला टाच नसते हां!"
सगळ्या हसल्या. मीपण हसले. बऱ्याच दिवसांनी.

शनि., ६ डिसें.
सु.ताईंनी टाकाऊ लोकरीवर सराव करून घेतला. "सुई आहे ती, झुरळ मारायची चप्पल नाही. सैल धर." बोटं दुखतात. पण हाताला आठवतंय.

सोम., ८ डिसें.
ताईच्या मोज्याला हात घातला. तिचा शेवटचा टाका, त्याच्या शेजारी माझा पहिला. मध्ये खुणेला लाल दोरा बांधणार होते. मग वाटलं, कशाला? तिचा हात घट्ट, माझा ढिला. उघड दिसेल.
नाही बांधला.

गुरु., ११ डिसें.
मंडळात गेले नाही. गोल गोल विणायचं, बघावंसुद्धा लागत नाही. दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसले होते. हात थांबवला तरी सुयांचा आवाज येत राहिला. टिक टिक, तिच्या खोलीतून. तोंडातून गेलंच, "चहा टाकू का गं?"
आवाज बंद.
वरच्यांकडे काही ठोकत असतील. चहा दोन कप झाला. दोन्ही मीच प्यायले.

रवि., १४ डिसें.
सु.ताई बघायला आल्या. मोजा हातात घेऊन टाक्यांवरून बोट फिरवलं. "नीला, अगदी हेमाचा हात आहे गं. कुठे बदलला कळत नाही." मग उलटासुलटा केला. "आणि टाच?"
टाच घालायचीच राहिली. घोट्यापासून सरळ नळी विणत गेले मी.
"हत्तीची सोंड केलीस." हसत होत्या. "होतं असं. उसव, हेमाच्या ओळीपर्यंत."
"कुठपर्यंत?"
खिडकीशी नेऊन दोघींनी चष्मा लावून पाहिलं. त्यांनाही सापडेना. एक ओळ जास्त उसवली तर ताईची जाईल. तिने शेवटची घातलेली.
मग म्हणाल्या, उसवू नकोस. घोट्याशी एक धागा कापायचा, टाके मोकळे करायचे, तिथे नंतर टाच विणता येते.
"धागा कोणाचा कापला जाईल?"
चष्मा काढला त्यांनी. "लोकर आहे गं ती."
रागाने नाही म्हणाल्या.

मंगळ., १६ डिसें.
सकाळी बाल्कनीत बसून ओळ शोधत होते. केस सापडला. लांब, पांढरा, पाच-सहा टाक्यांतून विणला गेलेला. माझे आखूड, रंगवलेले. म्हणजे ताईचा. म्हणजे इथपर्यंत ती.
पण केस सुयांच्या अगदी खाली आहे. एवढा भाग कालचा. काल तर मीच विणत होते, मग
सु.ताईंना फोन केला. "लोकरीचा गुंडा तिनेच गुंडाळला होता ना? त्यात गेला असेल. आपल्या सगळ्यांच्या विणकामात आपापले केस असतात." बरोबर आहे. तसंच असणार.
केस ओढून काढला नाही.

गुरु., १८ डिसें.
मंडळ. भावनाबेन मोजा बघून म्हणाल्या, "कापायचं नसेल तर मला दे, बाटलीला घालते." कोणी हसलं नाही तशा त्याच ओशाळल्या. माझ्या बशीत ढोकळा वाढला.
पहिला मोजा शेजारी ठेवून सु.ताईंनी टाचेची जागा धरली. छोट्या कात्रीचं टोक एका धाग्याखाली घातलं. "बोल. कापू?"
सगळ्यांच्या सुया थांबल्या होत्या.
नको म्हणाले. मग हो म्हणाले. मग पुन्हा थांबा.
कात्री काढून त्यांनी माझ्या पिशवीत टाकली. "तुझी तू काप. नाहीतर कापू नकोस. हेमा असती तर मात्र तुला फटकावलं असतं."
असतं.

शनि., २० डिसें.
पावलाची लांबी केव्हाच झाली. बोटांकडे टाके कमी करत बंद करायला हवं. अजून सरळच विणतेय. सु.ताईंना सांगितलेलं नाही.
हल्ली तिच्याच खोलीत बसते, पलंगावर, तिची भिंतीकडची जागा सोडून. आवाज येतो तेव्हा मान वर करत नाही. सकाळी पाहिलं तर कालच्यापेक्षा मोजा लांब वाटला. काल रात्री मीच विणला असेल.
लोकर मूठभर उरलीय. ती संपली की कात्री काढावी लागेल.
भावनाबेनचा फोन येऊन गेला. तसलीच राखाडी लोकर आहे म्हणाल्या त्यांच्याकडे, आणू का?
आणा म्हटलं.