दोन घागरी

आबा, यंदाही आखाजीला, पितरांच्या सणाला, तुमच्या नावाच्या दोन घागरी भरल्या. एक माझ्याकडे, सामरवरणीत. एक धाकट्या भावाकडे, किलवणीत. बाप एक आणि घागरी दोन. निखाऱ्यावर घास ठेवला, वर तूप सोडलं, तुमचं नाव घेतलं आणि पुरणपोळीचं ताट तसंच सरकवून उठलो. थकलोय मी या सगळ्याला.

तुम्ही कामाला होतात त्याच धाग्याच्या कंपनीत मी नुकताच लागलो होतो तेव्हाची गोष्ट. गेटवर यूपीवाल्यांनी आपल्या माणसाचं डोकं फोडलं, असं टपरीवर ऐकलं आणि चाळभर सांगत सुटलो. तुम्ही भाकरी मोडत बसलेले. मान वर न करता विचारता, "डोयाघाई देखं का तू?" डोळ्यांनी कुठे पाहिलं होतं, नुसतं ऐकलं होतं. तुम्ही ताटावरून उठता, सायकल काढता, मला मागे बसवता. गेटवर आपला माणूस आणि तो यूपीवाला एकाच बाकावर चहा पीत बसलेत. पाण्याच्या रांगेत धक्का लागला होता, एवढंच. "आते घरोघर जाय," तुम्ही म्हणालात, "नि सांग, मी खोटं बोलनू." खाली मान घालून मी एकेक दार वाजवलं. तुमचा इतका राग आला होता की दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही.

दोन वर्षांपूर्वी चौकात अशीच मारामारी झाली. धाकट्याने घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला, की बघा, बाहेरचे कसे माजलेत. मी उलट बाजूचा, आपलीच माणसं मारताना दिसतात तसा, टाकला. त्याच्या फोनवर दिवसभर त्याचीच बाजू, माझ्या फोनवर माझीच; दोघांनाही वाटायचं, सगळं जग आपल्यासारखंच बोलतंय. चौक गाडीवर दहा मिनिटांवर. गेलं कुणीच नाही. "तुला आपल्या माणसांची लाज वाटते," त्याने लिहिलं. मी जे लिहिलं ते तुम्हाला सांगवत नाही. तो ग्रुपमधून बाहेर पडला, आणि पुढच्या आखाजीला घरातूनही.

आबा, मी टाकलेला व्हिडिओ आपल्या चौकातला नव्हताच. कुठल्या तरी दुसऱ्या गावचा, जुना. मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तेव्हा अख्ख्या चाळीची दारं वाजवली, आता एकच वाजवायचंय, तर किलवणीच्या फाट्यावरून गाडी वळवून परत येतो. हे पत्र त्यालाच द्यावं, असंही मनात आलं. पण तुम्हाला लिहिलं. तुम्ही आता सायकल काढणार नाही, म्हणून.